१८५४ साली वारलेल्या बाईला १८५६ साली मूल कसं झालं?

तासगावकरीण_डर्बी:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय परका वाटेल, पण जुने कागद वाचणारी माणसं इथे आहेत म्हणून धीर केला.

मी मूळची तासगावची, गेली २२ वर्षं इंग्लंडात डर्बीला. नवरा इथलाच, इंग्रज. सासूबाई ८४ वर्षांच्या. (तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच तशी. माझ्या आईला ते अजून पचलेलं नाही. म्हणून इथे आपलं सासूबाई.) गेल्या हिवाळ्यात त्यांचं घर आवरताना माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, एक लग्नाचा दाखला आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एका म्हातारीचा फोटो. काळा झगा, डोक्याला पांढरी टोपी, हात मांडीवर असे ठेवलेले की नुकतंच काम टाकून आली असावी. मागे पेन्सिलीने 'ग्रॅनी एच.' एवढंच. सासूबाई म्हणाल्या, "ही माझ्या आजोबांची आजी. आमच्या घरात हिच्याबद्दल कोणी बोलत नसे." का, ते त्यांनाही ठाऊक नाही. मग काय, मी लागले मागे.

खरी नावं देत नाही, सासूबाईंनी बजावलंय. घराणं बेल्परचं. डर्बीच्या उत्तरेला डरवेंट नदीकाठी गाव आहे, आमच्यापासून गाडीने २० मिनिटं. जेडिडाया स्ट्रट या गिरणीवाल्याने अठराव्या शतकात तिथे सूतगिरण्या काढल्या. त्याच्या घराण्याने कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या रांगा अजून उभ्या आहेत. पण गावचा त्याहून जुना धंदा खिळ्यांचा. परसात भट्टी, घरचीच माणसं घाव घालणार. तिथल्या फुटबॉल संघाला आजही 'नेलर्स' म्हणतात, म्हणजे खिळेवाले. सासूबाईंचे खापरपणजोबा त्यातलेच एक.

त्यांचं लग्न १८४७ सालचं, बेल्परलाच. बायकोला आपण सेरा म्हणू. तीन मुलं: १८४८, १८५० आणि १८५३. फेब्रुवारी १८५४ मध्ये गावच्या चर्चच्या दफनाच्या वहीत सेराचं नाव, वय २७. इथवर सरळ आहे. पण सासूबाईंचे पणजोबा जन्मले नोव्हेंबर १८५६ ला! आणि सरकारी सूचीत त्यांच्या आईच्या माहेरचं आडनाव तेच, सेराचं. पुढची चार भावंडं, १८६७ पर्यंतची, सगळ्यांच्या नावापुढे तेच आडनाव. १८६१ च्या जनगणनेत मात्र बायकोचं नाव सेरा नाही, हॅना. वय २७.

सासूबाईंचा एक चुलतभाऊ कॅनडात असतो. त्याने इंटरनेटवर घराण्याचं मोठं झाड केलंय, त्यात तो बेधडक 'सेरा हॅना' लिहून मोकळा झालाय. त्याचं म्हणणं, बाई एकच, नावं दोन. दफनाची नोंद दुसऱ्याच कुणा सेराची. पुरावा म्हणून त्याने १९११ च्या जनगणनेचा फॉर्म जोडलाय. त्यात म्हातारी हॅना, विधवा, वय ७७, पणजोबांच्या घरी राहते आणि तिच्या नावापुढे झालेल्या मुलांची संख्या लिहिलीय: ८. तीन आणि पाच, आठ. हिशेब जुळतो.

जुळतो, पण मला पटत नाही. १८५१ ला सेरा २४ वर्षांची आहे, मग दहा वर्षांनी २७ कशी? कसं शोधावं, कुणी सांगेल का? आणि हे सुटलं तर या भागातलं घराणं आणखी किती मागे नेता येतं?

शंकेखोर:

बायकांनी वय चोरणं हा काय इंग्रजांचा नवा शोध नाही. माझ्या आत्याच्या तीन कागदांवर तीन जन्मसालं आहेत आणि ती तिन्ही ठिकाणी शपथेवर खरं बोललीय. कॅनडावाल्याचं झाड मला ठीक वाटतं. एकाच आडनावाची माणसं एका गावात ढीगभर असणार, त्यातली कुठली तरी सेरा १८५४ ला गेली.

दप्तरदार:

ताई, मी नोकरी भूमी अभिलेखात केली. मुलगी नॉटिंगहॅमला असते, तिच्याकडे राहायला जातो तेव्हा दिवसभर करायचं काय म्हणून जावयाच्या घराण्याचे कागद काढले होते. मॅटलॉकला डर्बीशायरचं अभिलेखागार आहे, तिथे बऱ्याच दुपारी काढल्यात. त्यामुळे थोडं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, तुम्ही आत्तापर्यंत जे पाहिलंत त्यातलं बरंचसं सूचीतलं आहे. सूची म्हणजे दाखला नव्हे. आपल्याकडे नुसत्या गट नंबरावरून जमीन कुणाची हे कळतं का? सातबारा काढावा लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, मृत्यू, लग्न यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, म्हणजे तुमची सगळी भानगड त्या काळात बसते. मूळ दाखल्यावर सूचीपेक्षा कितीतरी जास्त असतं. चर्चच्या दफनवहीत १८१३ पासूनच्या छापील रकान्यांत नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय आणि पाद्र्याची सही, बस्स. कुणाची बायको, कुणाची मुलगी, काही नाही. म्हणून तुमच्या चुलतभावाला 'दुसरीच सेरा' म्हणायला वाव मिळतो. पण मृत्यूच्या सरकारी दाखल्यावर लग्न झालेल्या बाईपुढे नवऱ्याचं नाव आणि धंदा लिहीत. शिवाय खबर कुणी दिली त्याचं नाव असतं. तो एक कागद मागवा.

दुसरा, पणजोबांचा १८५६ चा जन्मदाखला. त्यावर आईचं पूर्ण नाव आणि 'पूर्वीची अमुक' असं माहेरचं आडनाव मिळेल.

तिसरी गोष्ट फुकटातली. १८५१ च्या जनगणनेचं पान तुम्ही स्वतः पाहिलंत की चुलतभावाने जोडलेलं चित्र? गणना ३० मार्च १८५१ ची. गणनादार एकाखाली एक घरं लिहीत जायचा आणि पान संपलं की उरलेलं कुटुंब पुढच्या पानावर. उतरवून घेणारा पहिलं पान घेतो, दुसरं विसरतो. ताई, पान उलटा.

आणखी मागे जायचं म्हणाल तर बेल्पर हे फार काळ डफील्डच्या पॅरिशखाली, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, होतं, त्यामुळे जुने बाप्तिस्मे आणि लग्नं डफील्डच्या वह्यांत शोधावी लागतील. या वह्या लिहिण्याचा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या काळचा, पण सगळीकडच्या तितक्या जुन्या वह्या टिकलेल्या नाहीत. डर्बीशायर तेव्हा लिचफील्डच्या बिशपकडे असल्यामुळे १८५८ च्या आधीची साधी मृत्युपत्रं त्या दप्तरात सापडतात. १७५२ च्या आधीच्या तारखा वाचताना जपून, वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७४१. पण हे सगळं नंतर. १८५४ सुटेपर्यंत १६०० कडे धावू नका. मधली कडी चुकली तर वरची सगळी माणसं दुसऱ्याच कुणाचे पूर्वज.

लीड्सवाला:

काकांना अनुमोदन. भर एवढीच.

लग्न शोधलंत का? म्हणजे दुसरं लग्न. बेल्परला नसेल तर सगळ्या देशात शोधा. १९१२ च्या आधीच्या लग्नसूचीत जोडीदाराचं आडनाव नसतं, पण खंड आणि पानाचा आकडा असतो, आणि एका पानावर दोन-चारच लग्नं. फ्रीबीएमडी म्हणून स्वयंसेवकांनी उतरवलेली फुकट सूची आहे, तिथे नवऱ्याचं नाव टाका, हॅनाचं माहेरच्या आडनावासकट टाका, काळ १८५४ ते १८५६, जिल्हा रिकामा सोडा. दोघं एकाच पानावर आले की पकडलं. बेल्परचा खंड १८५२ पासून ७ब आहे. दुसरा कुठला आकडा दिसला तर घाबरू नका, उलट खूश व्हा.

शंकेखोरांसाठी: वय चोरतात हे खरं, पण सात वर्षं चोरून पुढची पन्नास वर्षं त्याच मापाने चोरत राहणं अवघड आहे हो. १८६१ ला २७ आणि १९११ ला ७७. एवढी शिस्त असलेली खोटारडी मला तरी भेटलेली नाही.

सह्याद्रीचा_गडी:

विषयांतराबद्दल माफी. माझ्या आजोबांनी त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या वहीत सात पिढ्या पाहिल्या होत्या. गाव आणि आडनाव सांगितलं की काढून देतात. पण त्यात फक्त पुरुष. बायकांची नावं पुसटशी, माहेर तर नाहीच. इंग्रजांच्या सूचीत आईच्या माहेरचं आडनाव येतं हे वाचून जरा हेवा वाटला.

तासगावकरीण_डर्बी:

दप्तरदार काका, तुमच्या तोंडात साखर पडो.

पान उलटलं. चुलतभावाने लावलेल्या चित्रात तळाच्या चार ओळींत नवरा, बायको सेरा आणि दोन लेकरं होती, आणि मी इतके महिने तेवढंच कुटुंब धरून बसले होते. पुढच्या पानावर सगळ्यात वरची ओळ: हॅना, नातं 'सिस्टर-इन-लॉ', बिनलग्नाची, वय १७, काम सूतगिरणीत. आडनाव सेराच्या माहेरचं.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. नवरा झोपला होता, त्याला हलवून उठवलं. तो म्हणाला, "मग? बायकोची बहीण राहायला असेल." आणि कूस बदलली. मी मात्र खुर्चीतच बसून राहिले. कारण मला ही गोष्ट माहीत आहे. ही आमच्याच घरातली गोष्ट आहे.

माझी आजी, वडिलांची आई, सोळा वर्षांची असताना तिची थोरली बहीण बाळंतपणात गेली. मागे दोन मुलगे, एक चार वर्षांचा, एक दोन. साडेतीन महिन्यांत आजीच्या वडिलांनी तिला त्याच घरात दिली. पोरांना परकी आई नको. गावात सगळ्यांनी नाव काढलं की माणसाने नातं सांभाळलं. आजीला कुणी विचारलं नाही ही वेगळी गोष्ट. पण लपवाछपवी काही नव्हती, वाजतगाजत नसेल पण चारचौघांत लग्न झालं.

मग मी दोन्ही दाखले मागवले, दहा दिवसांत आले. सेराचा: फेब्रुवारी १८५४, वय २७, 'खिळे घडवणाऱ्याची बायको' आणि खाली त्याचं नाव. कारण क्षय. खबर देणारी, 'मृत्यूसमयी हजर': हॅना. पणजोबांच्या जन्मदाखल्यावर आई हॅना, पूर्वीची तीच. म्हणजे बाया दोन, बहिणी-बहिणी. १८४१ ची गणनाही पाहिली, आईबापाच्या घरी सेरा १४ आणि हॅना ७. (त्या साली पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहीत, पण या दोघी लहान होत्या म्हणून बचावल्या.)

लग्न सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. लीड्सवाला, तुम्ही म्हणालात तसंच, खंड ८ड. मँचेस्टर! ऑगस्ट १८५५, तिथल्या कॅथीड्रलमध्ये. तो बिजवर, ती कुमारिका. दोघांचा पत्ता मँचेस्टरच्या एकाच गल्लीतला. साक्षीदार दोघंही अनोळखी, आमच्या कुठल्याच कागदात पुन्हा येत नाहीत. त्याने अंगठ्याऐवजी इथे करतात तशी फुली केलीय, तिने मात्र स्वतःचं नाव लिहिलंय. अक्षरं वाकडी, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. गिरणीवाल्यांची रविवारची शाळा होती बेल्परला, तिथे शिकली असेल.

आता माझा प्रश्न. बेल्परहून १८५५ साली मँचेस्टरला सरळ गाडीसुद्धा नव्हती. गावात स्वतःचं चर्च असताना हे एवढ्या लांब कशाला गेले? आजीच्या गोष्टीत हे बसत नाही.

वकीलबाई_नाशिक:

ताई, बसत नाही कारण तुमच्या आजीचं लग्न कायदेशीर होतं आणि हॅनाचं नव्हतं.

इंग्लंडच्या चर्चचा समज असा की लग्नाने नवरा-बायको एकदेह होतात, म्हणून बायकोची बहीण ती आपली बहीण. १५६३ साली आर्चबिशप पार्करने निषिद्ध नात्यांचा तक्ता काढला. पुरुषाने जिच्याशी लग्न करू नये अशी ३० नाती त्यात आहेत, बायकोची बहीणही आहे. हा तक्ता चर्चच्या भिंतीवर टांगलेला असे. तरीही १८३५ पर्यंत असं लग्न झालंच तर ते आपोआप रद्द नव्हतं, दोघं हयात असताना कुणी धर्मन्यायालयात गेलं तरच मोडायचं. जेन ऑस्टेनच्या धाकट्या भावाने, चार्ल्सने, १८२० साली वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न केलं होतं. १८३५ च्या कायद्याने दार बंद केलं: तिथून पुढची अशी लग्नं मुळातच शून्य. म्हणजे लग्न झालंच नाही, मुलं अनौरस, आणि मृत्युपत्र नसेल तर बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत काही नाही.

पैसेवाले परदेशी जात. चित्रकार विल्यम होल्मन हंट याने पहिली बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये जाऊन लग्न केलं. तुमच्या खिळेवाल्याला स्वित्झर्लंड कुठून परवडणार? त्याचं स्वित्झर्लंड म्हणजे मँचेस्टर. गावच्या चर्चमध्ये लग्नाआधीच्या रीतीप्रमाणे तीन रविवार नावं पुकारली असती तर पहिल्याच रविवारी कुणीतरी हरकत घ्यायला उठून उभं राहिलं असतं. सेराला पुरणारा पाद्री तोच, भिंतीवरचा तक्ता तोच. मँचेस्टरच्या गर्दीत ती कोण आणि तो कोण, कुणाला पडलंय? एकाच गल्लीतला पत्ता हीसुद्धा ओळखीची युक्ती, तात्पुरती खोली घेऊन तिथले रहिवासी म्हणून सांगायचं. ऑगस्ट १८५५ ला ती २१ पूर्ण, म्हणजे सज्ञान, होती ना? तेवढ्यासाठी थांबलेही असतील.

हा कायदा बदलावा म्हणून १८४२ पासून पार्लमेंटात विधेयकं येत राहिली. खालचं सभागृह मंजूर करायचं, वरचं फेटाळायचं. वर बिशप बसतात. कॅनडाने १८८२ सालीच हे लग्न कायदेशीर केलं (तुमच्या चुलतभावाला जरूर सांगा). इंग्लंडात १९०७ उजाडलं. पण त्या कायद्याची एक गंमत आहे, तो मागेही लागू होतो: याआधी झालेलं असं लग्नही केवळ या नात्यामुळे शून्य मानायचं नाही. नवरा कधी वारला?

तासगावकरीण_डर्बी:

१८९९.

शंकेखोर:

म्हणजे बाई आठ वर्षं विधवा राहून मग लग्नाची बायको झाली. ७३ व्या वर्षी. मी माझे शब्द मागे घेतो, कॅनडावाल्याने घ्यावेत की नाही त्याचं तो बघेल. पण १९११ चा आठ आकडा राहिलाच की. पाचच तिची. फॉर्म तर खोटा निघाला ना?

दप्तरदार:

१९११ चा फॉर्म पुन्हा नीट पाहा. त्या साली पहिल्यांदाच कुटुंबप्रमुखाच्या हातचा मूळ कागद जपून ठेवलाय, गणनादाराची नक्कल नाही. आणि मुलांचे रकाने फक्त सध्या लग्नात असलेल्या बायकांसाठी होते, विधवांनी भरायचे नव्हते. मग तिच्या ओळीत आकडा आलाच कसा?

तासगावकरीण_डर्बी:

उशीर झाला उत्तराला, सासूबाईंना घेऊन बेल्परला गेले होते. ते आधी सांगते आणि मग आकड्याचं.

चर्चच्या आवारात सेराचा दगड नाही. खिळेवाल्याच्या बायकोला दगड कुठून. जोसेफ स्ट्रीटवर जुनी एकखणी भट्टी राखून ठेवलीय, तिच्यासमोर सासूबाई काठी टेकून बराच वेळ उभ्या होत्या. दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याला वळता येऊ नये एवढीच जागा. मी त्यांना १८३५, १९०७ सगळं सांगितलं. अनौरस शब्दाला जरा घाबरतच होते. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझे पणजोबा ५० वर्षांचे होईपर्यंत बेकायदेशीर होते?" आणि इतक्या हसल्या की समोरून जाणारा कुत्रेवाला थांबला. गाडीत बसल्यावर मात्र गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, माझे आजोबा तिच्या मांडीवर वाढले असतील आणि त्यांनी आयुष्यात एकदाही तिचं नाव घेतलं नाही.

आता फॉर्म. काका, तुम्ही म्हणता ते बरोबर. चुलतभावाने लावलेलं चित्र लहान होतं, मी मूळ मोठं करून पाहिलं. फॉर्म पणजोबांनी भरलाय, पेन, डावीकडे कललेलं अक्षर. आपल्या बायकोच्या ओळीत सगळं नीट. खालच्या ओळीत आई, विधवा, ७७. तिच्या पुढच्या रकान्यांत झालेली मुलं ८, हयात ५, वारलेली ३. आणि त्या तिन्ही आकड्यांवरून तपासणाऱ्याने लाल शाईची आडवी रेघ ओढलीय, विधवेचा रकाना म्हणून. रेघेखालून आठ स्वच्छ दिसतो. मी नावांसमोर खुणा करत बसले, आठपैकी तोवर हयात कोण कोण. हयात पाच बरोबर येतात, पण त्यात दोन सेराची धरली तरच.

शंकेखोर, लिहिलं मुलाने. पण त्याला आठ सांगितलं कुणी? पणजोबांना पक्कं ठाऊक असणार की थोरली तीन भावंडं मावशीची. घरात जपलं जाणारं गुपित तेवढंच तर होतं.

मी सहा वर्षांची असताना, १९८१ ला, तासगावला आमच्या सोप्यावर शिरगणतीचे मास्तर बसले होते. आजी दळण निवडत होती. मास्तरांनी विचारलं, म्हातारे, तुला मुलं किती झाली? आजी म्हणाली सात. धाकटे काका तिथेच होते, म्हणाले, "आई, तुझी पाच. त्यांना खरं सांगायचं असतं." आजीने सुपातून मान वर केली नाही. "लिहा मास्तर, सात." मास्तरांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही.

ही गोष्ट मी सासूबाईंना बेल्परहून परतताना सांगितली. त्यांनी आजीचं नाव विचारलं, दोनदा उच्चारून पाहिलं, 'ळ' काही जमला नाही.

चुलतभावाला सगळे दाखले आणि मँचेस्टरची नोंद पाठवून तीन आठवडे झाले. उत्तर नाही. झाडावर अजून सेरा हॅनाच आहे, आणि काल पाहिलं तर आणखी दोघा परक्यांनी तिथून तीच उतरवून घेतलीय. दप्तरदार काका, त्या दोघींच्या आईचं लग्न १८२५ च्या आसपास डफील्डला असावं. मॅटलॉकला जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते का, तेवढं सांगा.